फोल्डर माझं, फायली कुणाच्या?

संगणकावर प्रत्येक वापरणाऱ्याच्या नावाचं एक फोल्डर असतं. विंडोजमध्ये आणि मॅकवर ते 'युजर्स'च्या आत असतं, लिनक्समध्ये 'होम'च्या आत. आपली पत्रं, फोटो, हिशेब, लेख, मुलांचे दाखले ठेवायला दिलेली ही जागा. पण काही वर्षं वापरलेल्या संगणकावर त्या फोल्डरची खरी मोजदाद केली तर आपण बनवलेल्या फायली मूठभर निघतात. बाकीच्या प्रोग्रामांनी आपल्याला न विचारता आणून ठेवलेल्या असतात. हा नुसता नीटनेटकेपणाचा प्रश्न आहे की हक्काचा, यावर संगणक क्षेत्रात वीस वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे.

त्या वादातल्या दोन बाजू इथे दोन माणसांच्या तोंडी दिल्या आहेत. आत्या ग्रंथालयातून निवृत्त झाली आहे आणि आता आपल्या तालुक्याच्या इतिहासाची कागदपत्रं जमवते. भाचा पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो.

आत्या : मला आधी एवढंच सांग. 'डॉक्युमेंट्स' उघडल्यावर मला काय दिसायला हवं?

भाचा : तुझी डॉक्युमेंट्स.

आत्या : मग 'कस्टम ऑफिस टेम्प्लेट्स' हे फोल्डर मी केलं का? 'आउटलुक फाइल्स' मी केलं? 'माय गेम्स' तर सुट्टीत नातू खेळून गेला तेव्हापासून आहे. खेळ काढून टाकला, फोल्डर राहिलं. माझ्या फोल्डरांची नावं देवनागरीत आहेत. 'जुन्या सनदा', 'मोडी पत्रं', 'मुलाखती'. विंडोज इंग्रजीत असलं की यादीत रोमन अक्षरं आधी लागतात, देवनागरी त्यांच्यानंतर. म्हणजे माझ्याच जागेत प्रोग्रामांची फोल्डरं वर आणि माझी तळाला.

भाचा : तारखेनुसार लाव ना यादी. ज्यावर काम चालू आहे ते वर येईल.

आत्या : लावून पाहिली. मी एखाद्या सनदेला महिन्यातून एकदा हात लावते, प्रोग्राम आपल्या फोल्डरात रोज काहीतरी लिहितात. तारखेच्या यादीतही तेच पुढे.

भाचा : तुझा त्रास कळतो. पण प्रोग्रामला कुठेतरी लिहावं लागतंच. तू अक्षराचा आकार बदललास, भाषा निवडलीस, खिडकी कुठे ठेवलीस, हे त्याने लक्षात ठेवायचं तर फाइल हवी. पूर्वी विंडोजवर बरेच प्रोग्राम स्वतःच्याच फोल्डरात लिहायचे. 'व्हिस्टा' ही विंडोजची आवृत्ती आल्यापासून 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये लिहायला साध्या प्रोग्रामला परवानगी मिळत नाही, आणि ते सुरक्षेसाठी योग्यच आहे. मग उरतं काय? वापरणाऱ्याचं फोल्डर. तिथे लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

आत्या : ज्या व्हिस्टाने ते दार बंद केलं तिनेच दुसरं उघडलं होतं ना? 'अ‍ॅपडेटा' नावाचं फोल्डर प्रोग्रामांसाठीच केलं. खेळांसाठी 'सेव्ह्ड गेम्स' वेगळं दिलं. जागा नव्हती असं कसं म्हणतोस?

भाचा : जागा होती, पण 'अ‍ॅपडेटा' लपवलेलं असतं. आता खेळ लिहिणाऱ्याच्या बाजूने बघ. मुलगा सहा महिने खेळून शेवटच्या टप्प्यावर आलाय. कॉम्प्युटर बिघडतो, दुरुस्तीवाला म्हणतो फॉरमॅट करावा लागेल. घरचे काय करतात? 'डॉक्युमेंट्स' आणि 'पिक्चर्स' पेन ड्राइव्हवर उतरवतात. लपवलेलं 'अ‍ॅपडेटा' कुणाला आठवत नाही. त्याची प्रगती 'डॉक्युमेंट्स'मध्ये असेल तर वाचते, नाहीतर गेली. जे डोळ्यांसमोर आहे त्याचाच बॅकअप होतो. अनेक खेळ तिथे लिहितात त्याला हेही एक चांगलं कारण आहे.

आत्या : हे मला पटलं. खेळणाऱ्याने मिळवलेली प्रगती ही त्याची कमाई, ती त्याला दिसावी. पण त्याच फोल्डरात स्क्रीन किती बाय किती, सावल्या किती गडद, प्रोग्राम कधी कोलमडला त्याचा अहवाल, हे सगळं का? ती त्याची कमाई नव्हे.

भाचा : एकच फोल्डर केलं की लिहिणाऱ्याचं काम सोपं होतं.

आत्या : आणि भुर्दंड मला. हल्ली विंडोजमध्ये 'डॉक्युमेंट्स' फोल्डर 'वनड्राइव्ह'ला जोडायचा आग्रह असतो. फुकटात जागा मिळते ५ जीबी. मी तिथे माझे कागद सुरक्षित राहावेत म्हणून होकार देते, आणि त्या ५ जीबीत प्रोग्रामांचं सामान चढतं. आउटलुकची जुनी पत्रं साठवणारी पीएसटी फाइल एकटीच केवढी मोठी होते, आणि पत्रव्यवहार चालू असेपर्यंत बदलतही राहते. जागा संपल्याचा इशारा येतो तेव्हा लोकांना वाटतं आपण फार फोटो काढले. मग ते फोटो काढून टाकतात. म्हणजे प्रोग्रामच्या फायलींसाठी माणसं स्वतःच्या आठवणी पुसतात.

भाचा : विंडोजची बाजू मी फार लढवत नाही. पण लिनक्सवर हा प्रश्न फार पूर्वी सुटला. तिथे तुझं होम फोल्डर उघड, आत तुझीच पाच-सात फोल्डरं दिसतील.

आत्या : दिसतील, कारण बाकीची दिसत नाहीत! फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की सगळी रांग बाहेर येते. प्रत्येक नावाच्या आधी टिंब. डॉट मोझिला, डॉट डॉकर, डॉट कार्गो, डॉट एनपीएम. लपवणं म्हणजे आवरणं नव्हे.

भाचा : त्या टिंबाचा उगम माहीत आहे तुला? युनिक्सच्या सुरुवातीच्या दिवसांत, बेल लॅब्जमध्ये, प्रत्येक फोल्डरात दोन खास नोंदी असायच्या. एक टिंब म्हणजे हेच फोल्डर, दोन टिंबं म्हणजे त्याच्या वरचं. 'एलएस' ही आज्ञा दिली की फायलींच्या यादीत त्या दोन नोंदीही यायच्या. त्या वगळायला केन थॉम्प्सन किंवा डेनिस रिची यांच्यापैकी कुणीतरी एक छोटी तपासणी टाकली. नावाचं पहिलं अक्षर टिंब असेल तर दाखवू नकोस. वगळायच्या होत्या दोनच नोंदी, पण टिंबाने सुरू होणारं कुठलंही नाव अदृश्य झालं. ही हकिगत बेल लॅब्जमध्येच काम केलेल्या रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये लिहिली. त्यांचं म्हणणं असं की लपवलेली फाइल ही कल्पना कुणी ठरवून आणलेलीच नाही, आणि त्या आयत्या सोयीमुळे प्रोग्रामरना सगळ्यांच्या होम फोल्डरात फायली टाकायची सवय लागली.

आत्या : म्हणजे पाया चुकून पडला आणि तुम्ही त्यावर इमले बांधत गेलात.

भाचा : बांधत गेलो, पण दुरुस्तीचा प्रयत्नही आमच्यातल्याच लोकांनी केला. लिनक्सच्या फायली कुठे ठेवाव्यात याचा एक मानक दस्तऐवज आहे, फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्ड. २०१५ च्या ३.० आवृत्तीत त्याची शिफारस अशी की वापरणाऱ्याने स्वतः काही केल्याशिवाय प्रोग्रामांनी होममध्ये टिंबाशिवायच्या फायली किंवा फोल्डरं बनवू नयेत, आणि टिंबाच्या फायली एकाहून जास्त लागणार असतील तर त्या एका फोल्डरात घालाव्यात. त्याच्याही आधी, २००३ मध्ये, फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पाने एक्सडीजी बेस डिरेक्टरी नावाचा नियम आणला. तो जास्त नेमका आहे. सेटिंग जाईल डॉट कॉन्फिगमध्ये. जपायची माहिती डॉट लोकलच्या आत शेअरमध्ये. पुन्हा तयार करता येईल ते डॉट कॅशमध्ये. आणि २०२१ मध्ये चौथी जागा ठरली, डॉट लोकलच्याच आत स्टेट. चालू स्थिती, इतिहास, लॉग तिथे. मुख्य म्हणजे या जागा तुला बदलता येतात. एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल लिहून तू सांगू शकतेस, कॅश त्या दुसऱ्या डिस्कवर ठेव.

आत्या : फार शहाणा नियम आहे. मला तर ही वर्गवारी ओळखीची वाटते. ग्रंथालयात दुर्मिळ हस्तलिखितं, देवघेवीची कार्डं आणि जुनी वर्तमानपत्रं आम्ही एका कपाटात ठेवत नसू. पाणी शिरलं तर आधी काय उचलायचं, हे कपाटावरून कळायला हवं. तुमच्या नियमानेही तेच केलं. पुन्हा न मिळणारं एका बाजूला, खटपटीने पुन्हा मिळेल ते दुसऱ्या, आणि फेकलं तरी चालेल ते तिसऱ्या. मग पाळत का नाही?

भाचा : काही पाळतात. गिटने २०१२ मध्ये डॉट कॉन्फिगमधली फाइल वाचायला सुरुवात केली. व्हिम हा एडिटर १९९१ चा, त्याने २०२४ मध्ये ती सोय दिली. फायरफॉक्सकडे ही मागणी २००४ मध्ये नोंदवली गेली आणि वीस वर्षांहून जास्त काळ पडून राहिली. पण यामागे आळसच आहे असं समजू नकोस. एखाद्या प्रोग्रामची फाइल एका जागी तीस वर्षं असली की तिच्याभोवती एक जग उभं राहतं. पुस्तकांत ती जागा छापलेली असते, हजारो स्क्रिप्ट तीच वाचतात, बॅकअपची साधनं तिथेच बघतात. डॉट एसएसएचचं उदाहरण घे. दूरच्या सर्व्हरवर कुणाला प्रवेश द्यायचा ती चाव्यांची यादी नेहमीच्या रचनेत होम फोल्डरातल्या डॉट एसएसएचमध्ये शोधली जाते. उद्या कुणी म्हणालं ती हलवू, तर जगभरच्या किती सर्व्हरना कुलूप लागेल कोण जाणे. तिथे मी हात लावू देणार नाही.

आत्या : नकोच लावू. जुन्या झाडाच्या मुळाशी खणू नये, एवढं मलाही कळतं. पण तुझं हे कारण जुन्यांनाच लागू पडतं. मघाशी मी नावं घेतली त्यातला डॉकर कधीचा?

भाचा : २०१३ चा.

आत्या : आणि कार्गो?

भाचा : रस्ट भाषेबरोबरचा. रस्टची १.० आवृत्ती आली २०१५ मध्ये. आणि तू विचारणारच आहेस म्हणून सांगतो, व्हीएस कोडही २०१५ चा. तो सेटिंग डॉट कॉन्फिगमध्ये ठेवतो, पण एक्स्टेन्शन डॉट व्हीएसकोडमध्ये.

आत्या : म्हणजे नियम माहीत होता आणि अर्धाच पाळला. २००३ नंतर जन्मलेल्या प्रोग्रामने परंपरेचं कारण देऊ नये. उबुंटूवर तर मला साधं, टिंब नसलेलं 'स्नॅप' नावाचं फोल्डर दिसतं. तो सगळा प्रकार २०१६ चा. तू सांगितलेल्या शिफारशीनंतर अवघ्या एका वर्षाने!

भाचा : स्नॅपच्या त्या फोल्डरबद्दल लोकांनी त्याच वर्षी तक्रार नोंदवली आहे. मी त्याचं समर्थन करत नाही. पण नव्या साधनांची अडचण वेगळी आहे, तीही ऐक. आमचा एकच प्रोग्राम विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालायला हवा. विंडोज म्हणतं 'अ‍ॅपडेटा', त्यातही लोकल की रोमिंग ते ठरवा. मॅक म्हणतं 'लायब्ररी', त्यात अ‍ॅप्लिकेशन सपोर्ट, प्रेफरन्सेस, कॅशेस. लिनक्सचे चार कप्पे मी आत्ताच सांगितले. तीन घरच्या तीन रीती. त्याऐवजी होम फोल्डर विचारायचं आणि त्यात टिंब लावून आपलं नाव टाकायचं, की एका ओळीत तिन्हीकडचं काम झालं. म्हणून तर विंडोजवरही तुझ्या नावाच्या फोल्डरात डॉट ग्रेडल, डॉट अँड्रॉइड अशी फोल्डरं दिसतात. तिथे टिंबाने काही लपतही नाही. शिवाय मदतीच्या पानावर एकच सूचना पुरते. रात्री दोन वाजता कुणाचा सर्व्हर अडला असेल तेव्हा त्याला तीन रस्ते सांगण्यापेक्षा एक सांगणं बरं.

आत्या : तुझी अडचण खरी आहे. पण ती सोडवायला आता साधनं नाहीत का? प्रत्येकाने तिन्ही रीती पाठ करायला हव्यात?

भाचा : साधनं आहेत. पायथनमध्ये 'प्लॅटफॉर्मडिर्स' आहे, रस्टमध्ये 'डिरेक्टरीज', क्यूटीमध्ये 'क्यूस्टँडर्डपाथ्स'. इलेक्ट्रॉनमध्येही त्यासाठी तयार फंक्शन आहे. आपण म्हणायचं मला कॅशची जागा दे, आणि त्या त्या यंत्रणेची योग्य जागा मिळते. तीही एकच ओळ.

आत्या : मग एका ओळीविरुद्ध एकच ओळ झाली की!

भाचा : झाली. सोपेपणाचा मुद्दा सोडतो. पण मला मुळातच एक शंका आहे. हे सगळं कुणासाठी? तू फोल्डर उघडून बघणाऱ्या पिढीतली. आजची मुलं फोल्डरांत हिंडत नाहीत, नाव टाइप करून शोधतात. ज्याला फोल्डर दिसतच नाही त्याला त्यातला पसारा काय टोचणार?

आत्या : शोधलं तरी शोध त्याच ढिगात होतो. मी 'पत्र' शोधते तेव्हा देवनागरीमुळे वाचते. इंग्रजीत काम करणाऱ्याने 'इंडेक्स' किंवा 'लायसन्स' शोधून बघावं, प्रोग्रामांच्या फायलीच पुढे येतील. आणि त्या मुलालाही कधीतरी लॅपटॉप बदलावा लागेलच. जुन्यातून नव्यात काय न्यायचं? सगळं उचललं तर कित्येक जीबी निरुपयोगी कॅश घेऊन जाईल. निवडायला गेला तर कुठल्या टिंबामागे त्याचा जीव अडकलाय ते कळणार नाही. त्या दिवशी त्याला फोल्डर दिसेल, आणि उशीर झालेला असेल.

भाचा : बॅकअपचा मुद्दा मी मानतो. आमच्याकडे त्यावर एक साधा उपाय आहे. ज्या फोल्डरात फक्त कॅश आहे तिथे प्रोग्रामने 'कॅशडिर डॉट टॅग' नावाची ठरलेल्या मजकुराची फाइल ठेवायची. ग्नू टारसारख्या साधनाला सांगितलं की ते अशी फोल्डरं वगळतं. कार्गो ती खूण ठेवतो. प्रोग्राम भलत्या जागी बसला असला तरी निदान फेकण्याजोगं काय आहे ते यंत्राला कळतं.

आत्या : हे ऐकून बरं वाटलं. आणखी एक आहे, पसाऱ्यापेक्षा गंभीर. मी एखादा फोटो काढून टाकते. त्याची छोटी प्रतिमा डॉट कॅशमधल्या 'थंबनेल्स'मध्ये काही काळ राहते. टर्मिनलमध्ये लिहिलेल्या आज्ञा इतिहासाच्या फाइलमध्ये राहतात. कुठली फाइल कधी उघडली याची यादी राहते. या फायली माझ्याबद्दल आहेत, पण माझ्यासाठी लिहिलेल्या नाहीत. लॅपटॉप विकताना किंवा कुणाला देताना माणूस आपले कागद काढतो आणि ही सगळी नोंद मागे ठेवतो. आपण काय मागे ठेवतोय ते कळणं हा हक्क नाही का?

भाचा : आहे. फक्त एक भेद कर. नियमाची जागा पाळली म्हणून गुपित सुरक्षित होत नाही. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये एनपीएमच्या पॅकेजमधून 'शाय-हुलुड' नावाचा आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम पसरला. तो प्रोग्रामरच्या यंत्रावर पासवर्डसारखी गुपितं हुडकत होता. तुझ्या नावाने चालणारा कुठलाही प्रोग्राम तुझ्या होममधलं बहुतेक सगळं वाचू शकतो, फाइल होमच्या तोंडाशी असो की डॉट कॉन्फिगच्या पोटात. त्यासाठी प्रोग्रामलाच कुंपण घालावं लागतं. फ्लॅटपॅक तसं करतं. त्यातल्या प्रोग्रामांचं सामान डॉट व्हारच्या आत वेगवेगळं राहतं.

आत्या : मग सगळ्यांनाच कुंपण घालून टाका. भांडणच मिटेल.

भाचा : इथे मात्र मी तुला सावध करतो, कारण हा प्रयोग होऊन गेला आहे. अँड्रॉइड फोन आठव. आधी कुठलंही अ‍ॅप मेमरीच्या पहिल्याच पातळीवर आपलं फोल्डर करायचं, आणि अ‍ॅप काढलं तरी ते तिथेच राहायचं. २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्ये 'स्कोप्ड स्टोरेज' आलं, पुढच्या वर्षीच्या ११ मध्ये नव्या अ‍ॅपना ते सक्तीचं झालं. व्हॉट्सअ‍ॅपचं फोल्डरसुद्धा पहिल्या पातळीवरून उठून 'अँड्रॉइड'मधल्या 'मीडिया'त गेलं. पसारा खरंच कमी झाला. पण त्याच नियमामुळे 'अँड्रॉइड'मधलं 'डेटा' फोल्डर फोनवरच्या फाइल मॅनेजर अ‍ॅपना बंद झालं. तुझ्याच फोनमध्ये तुझ्याच अ‍ॅपने काय साठवलंय, हे तुलाच सहज बघता येत नाही. जागा स्वच्छ झाली, आणि किल्ली दुसऱ्याच्या हातात गेली.

आत्या : हे मला नको. मी आवरा म्हणते ते मला दिसावं म्हणून. आवरून माझ्याच तोंडावर दार लावणार असाल तर त्यापेक्षा पसारा परवडला, तो निदान मला झाडता तरी येतो.

भाचा : आणि झाडताना काय होऊ शकतं तेही आहे. विंडोजमध्ये 'डॉक्युमेंट्स' दुसऱ्या डिस्कवर नेण्याची सोय आहे. तशी नेल्यावर काही लोकांना जुन्या जागी रिकामं जोड-फोल्डर दिसत राहायचं, त्याबद्दल तक्रारी आल्या. म्हणून ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटमध्ये ती जुनी फोल्डरं काढून टाकायची व्यवस्था केली. पण काही जणांच्या जुन्या फोल्डरात खरे कागद होते. ते हलवलेच गेले नव्हते. अपडेटने फोल्डर काढलं आणि त्यांचे कागद गेले. मायक्रोसॉफ्टला काही दिवसांतच ते अपडेट थांबवावं लागलं. पसारा काढण्याच्या भल्या हेतूनेच हे झालं, आत्या.

आत्या : या गोष्टीतून तू काय घेतोस ते मला माहीत नाही. मी घेते ते असं. वापरणाऱ्याचं आणि यंत्राचं सुरुवातीपासून वेगळं ठेवलं नाही, तर पुढे साफसफाई करणाऱ्याला दोन्ही ओळखता येत नाहीत. माणूसही चुकतो आणि प्रोग्रामही. वेगळं ठेवायचं ते पहिल्या दिवशी.

भाचा : आणि मी घेतो ते असं. न विचारता ठेवणं जितकं वाईट तितकंच न विचारता काढणं. दोन्हीत तुला विचारलेलं नाही.

आत्या : मग आपण एकाच जागी आलो.

भाचा : जवळजवळ. जुन्या प्रोग्रामांना मी अजून वेळ देईन, तू कमी देशील.

आत्या : मी वेळ देईन, पण निमित्त देणार नाही. जुनी जागा वाचत राहा, नवी फाइल मात्र नव्या जागी लिहा. गिटने तसंच केलं ना? जुनं तुटलं का?

भाचा : नाही तुटलं. जुन्या जागेची फाइल तो आजही वाचतो.

संवाद इथे थांबवतो आणि माझं मत उघड सांगतो. भाच्याच्या अडचणी खऱ्या आहेत, पण त्यातली एकही आज नव्याने लिहिल्या जाणाऱ्या प्रोग्रामला लागू पडत नाही. जागा ठरलेल्या आहेत, त्या विचारून घेणारी साधनं फुकट मिळतात, जुन्या जागेशी नातं न तोडता नव्या जागेवर जाण्याचा रस्ता इतरांनी चालून दाखवला आहे. ज्या फोल्डरावर माणसाचं नाव आहे, त्यात काय दिसावं हे ठरवण्याचा अधिकार त्या माणसाचा. आपलं नाव 'सुनीता' असं देवनागरीत लिहून खातं उघडलेल्या बाईच्या फोल्डरात फायली टाकणारे, पण त्या फोल्डराचं देवनागरी नाव वाचताना अडखळणारे प्रोग्राम आजही भेटतात. जागेवर हक्क सांगायचा आणि जागेच्या मालकिणीचं नाव वाचता येऊ नये, यापेक्षा या वृत्तीचा स्पष्ट पुरावा दुसरा नको.

मराठी मुलं-मुली आज पुण्यात, नाशकात, पणजीत आणि परदेशात सॉफ्टवेअर लिहितात. त्यांना एवढीच विनंती आहे. पहिली फाइल लिहिण्याआधी ठरवा की ती कमाई आहे, सेटिंग आहे, नोंद आहे की कॅश आहे, आणि तिला तिच्या ठरलेल्या जागी पाठवा. 'डॉक्युमेंट्स'मध्ये स्वतःहून काही ठेवू नका. माणसाने 'सेव्ह' म्हटलं आणि जागा दाखवली तरच ठेवा. प्रोग्राम काढताना मागे काय उरणार आहे ते सांगा, आणि ते काढायचं की ठेवायचं हे विचारा. कोड तपासताना जसं चुका बघता तसं एकदा रिकाम्या होम फोल्डरात आपला प्रोग्राम चालवून तो काय काय मागे टाकतो तेही बघा.

वाचकांसाठीही काम आहे. लपवलेल्या फायली दाखवण्याची सोय एकदा सुरू करून आपलं फोल्डर नीट बघा. तिथलं काही ओळखू येत नसेल तर घाईने पुसू नका. ज्याच्या नावाचं आहे तो प्रोग्राम शोधा. क्लाउडवर जाणारी फोल्डरं कोणती ते सेटिंगमध्ये पाहा. आपले खरे कागद आपल्या हाताने केलेल्या, आपल्या भाषेत नाव दिलेल्या एका फोल्डरात ठेवा आणि त्याचा बॅकअप वेगळा घ्या. आणि एखादा प्रोग्राम आपल्या जागेत न विचारता सामान टाकत असेल तर त्याच्या निर्मात्यांना लिहून कळवा. स्वतःहून सुधारणारे थोडे असतात. बाकीचे वापरणाऱ्यांनी मागणी लावून धरली तरच सुधारतात.